कितला नंबर मारू? घरच्या मशीनचा आणि कंगव्यांचा हिशोब

पत्र पारोळ्याकडच्या एका वाचकाचं आहे. मोठं होतं, कामाचं तेवढं देतो.

"नाना, घरात मी, पप्पा आणि नववीतला धाकटा भाऊ. तिघांची कटिंग म्हणजे तालुक्याला जा, रविवारी दोन-दोन तास बसून राहा, म्हणून मी केस कापायचं मशीन मागवलं. सोबत 1 ते 8 नंबरचे आठ कंगवे आले. मित्र म्हणाला मी 5 वर करतो, एकदम बारीक आणि मस्त होतात, म्हणून मी 5 लावला तर केस कापलेच जाईनात. मग डायरेक्ट 2 लावून धाकट्याचे केले. भोवऱ्याजवळ टाळू दिसायला लागली आणि कानामागं रुपयाएवढा गोल खड्डा पडला, आता तो शाळेत टोपी घालून जातो आणि माझ्याशी बोलत नाही. पप्पा सेंट्रिंगचं काम करतात, त्यांचे केस वरून विरळ आणि अर्धे पांढरे आहेत, ते म्हणतात 'मना केसले हात नको लावू'. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की मावसबहिणीचं लग्न आहे. सलूनमध्ये गेलो तरी तो विचारतो कितला नंबर मारू, आणि मी काहीतरी बोलून टाकतो. नंबर ठरवायचा कसा ते नीट सांगा."

भाऊ, पहिले धाकट्याचं बघू कारण बाकी सगळं थांबू शकतं पण पोरगं टोपी घालून वर्गात बसतंय ते बरं नाही. कानामागच्या त्या खड्ड्यावरून बोट उलटं फिरव, म्हणजे मानेकडून वर. खरखर लागली, बारीक खुंट हाताला टोचले तर तो मशीनचा खड्डा आहे, काळजीचं काही नाही. पण जागा एकदम गुळगुळीत लागली, खुंटच नाहीत, तर ती चाई असू शकते, आणि ती मशीनमुळं पडत नाही, आधीपासून असते, लांब केसांत झाकलेली असते आणि केस बारीक केले की दिसते. आणि जागा लालसर, कोंड्यासारखी पापुद्रे सुटलेली, खाजणारी असेल तर नायटा असू शकतो. या दोन्हीत घरगुती काही चोळत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरला दाखवा, आणि नायट्याची शंका असेल तर ते मशीन तोपर्यंत दुसऱ्या कुणाच्या डोक्याला लावू नका, कंगव्यातून आणि पात्यातून तो पसरतो.

तुझ्या वर्णनावरून मला तो मशीनचाच खड्डा वाटतो. कंगवा पात्यावर नीट बसलेला नसला की असं होतं. वरून बसलेला दिसतो, पण मागचा खटका लागलेला नसतो, मग कानामागं जिथं डोक्याला वळण आहे तिथं हात वाकडा झाला की कंगवा एका बाजूनं उचलला जातो आणि उघडं पातं सरळ कातडीला लागतं. म्हणून कंगवा लावला की टक असा आवाज आला पाहिजे, आणि आवाज आल्यावर पण अंगठ्यानं दोन्ही बाजूंनी ओढून बघायचं. हे प्रत्येक वेळी, कंगवा बदलला की प्रत्येक वेळी. दुसरं कारण म्हणजे कंगव्याचा एखादा दात तुटलेला असणं, तिथून केस जास्त आत शिरतो आणि पट्टा पडतो. उजेडात धरून एकदा बघ.

आता खड्डा भरायचा कसा. डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, थोडे जास्तच, म्हणजे एक मिलिमीटरला तीन दिवस धर. खड्ड्यात आता समज एक मिमी आहे आणि बाजूला सहा. नुसती वाट बघितलीस तर दोन्ही सोबत वाढतील आणि पाच मिमीचा फरक तसाच राहील, म्हणून लोकांना वाटतं की खड्डा भरतच नाही. करायचं असं की पंधरा दिवस जाऊ दे, खड्डा सहा मिमीला आला की आख्ख्या डोक्यावरून परत तोच 2 नंबर फिरव, वाढलेलं कापलं जाईल आणि सगळं एक पातळी होईल. धाकट्याला एवढा धीर नसेल तर आजच साइड आणि मागं 1 नंबर मार, फरक पाचवरून दोन मिमीवर येईल, लांबून कळणार पण नाही, आणि आठवड्यानं परत 1 फिरवला की संपलं. पण हे त्याला विचारून कर. डोकं त्याचं आहे आणि एकदा त्याला न विचारता झालंय.

आता मित्राचा 5 आणि तुझा 5. सगळा घोळ इथंच आहे आणि हा घोळ फक्त तुझा नाही, निम्म्या लोकांचा हाच आहे. तुझ्याकडं आहे ते क्लिपर, त्याच्या कंगव्यावर नंबर असतो. मित्राकडं बहुतेक दाढीचं ट्रिमर आहे, त्याच्या चाकावर जो आकडा असतो तो बहुतेक वेळा सरळ मिलिमीटर असतो. त्याचा 5 म्हणजे 5 मिमी, म्हणजे तुझ्या 2 नंबरपेक्षा पण बारीक. तुझा 5 म्हणजे 16 मिमी. तुझे केस मुळात तेवढेच असतील तर काय कापलं जाणार? उलटा घोळ झाला तर जास्त वाईट, ट्रिमर 2 वर ठेवून कुणी म्हटलं की दोन नंबर मारतोय तर डोक्यावर 2 मिमीच राहतील.

क्लिपरच्या नंबरचा हिशोब तर तुझ्या घरातच आहे, पप्पांना विचार. एक नंबर म्हणजे एक सूत. सेंट्रिंगवाल्या माणसाला सूत सांगावं लागत नाही, आठ सुताचा इंच. तसं 1 नंबर म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3 मिमी. 2 म्हणजे 6 मिमी. 3 नंबर म्हणजे 10 मिमी, तीन सुती सळई जेवढी जाड तेवढा केस लांब. 4 म्हणजे अर्धा इंच, 13 मिमीच्या आसपास. 5 म्हणजे 16, 6 म्हणजे 19, 7 म्हणजे 22, आणि 8 म्हणजे पूर्ण इंच, 25 मिमी. हे इंचात असण्याचं कारण म्हणजे ही मशीनं अमेरिकेतून आली, इलिनॉय राज्यातल्या स्टर्लिंग गावात लिओ वॉल यानं 1919 साली विजेच्या क्लिपरचा कारखाना काढला आणि त्या लोकांचं माप इंचाचं. आपल्याकडच्या स्वस्त मशीनवर 3, 6, 9, 12 असं थेट मिमी छापलेलं असतं, तेव्हा 9 ला 3 नंबर आणि 12 ला 4 नंबर समजून चालायचं, एक मिमीनं जीव जात नाही. काही संचात 1 च्या खाली अर्धा (दीड मिमी) आणि 1 आणि 2 च्या मधला दीड नंबर (साडेचार मिमी) पण येतो. कंगवाच न लावता नुसतं पातं म्हणजे आपले लोक म्हणतात ते झिरो, त्यात पण पाऊण मिमीच्या आसपास केस राहतो, वस्तऱ्यासारखं साफ होत नाही.

मला जे सांगायचंय ते हे, की नंबर म्हणजे फक्त लांबी आहे, तो कट नाही. तोच 2 नंबर दाट काळ्या राठ केसांवर भरलेला दिसतो आणि विरळ केसांवर टाळू दाखवतो. म्हणून मित्राचा नंबर विचारून आपल्या डोक्यावर लावायचाच नाही, आपल्या डोक्यावर वरून खाली येत शोधायचा. 4 ने सुरुवात कर. आख्खं डोकं 4 ने करून हात फिरव, आरशात बघ, पाच मिनिटं बस, मग वाटलं तर साइडला 3 घे, अजून वाटलं तर 2. प्रत्येक पायरीला तुला थांबता येतं. 2 ने सुरुवात केलीस तर थांबायला जागाच नाही, मग टोपी आलीच. पहिल्यांदा करताना याला अर्धा तास जास्त लागतो, लागू दे, पुढच्या वेळी तुझा नंबर तुला पाठ असेल आणि दहा मिनिटांत होईल.

भोवऱ्याचं वेगळं आहे. बाकी डोक्यावर केस एका दिशेनं पडतात, मागून खाली, वरून पुढं. भोवऱ्यावर मात्र ज्वारीच्या वावरात वादळ फिरल्यावर ताटं चारी दिशांना लोळतात तसे केस गोल पडलेले असतात. तू मशीन एकाच दिशेनं नेलंस की त्यातले काही केस उलट्या बाजूनं कापले जातात, ते बरोबर 6 मिमी होतात, आणि काही सुलट बाजूनं, ते दबून जातात आणि लांब राहतात, म्हणून तिथं चट्टेपट्टे दिसतात. शिवाय भोवऱ्याच्या मध्यावर टाळू थोडी दिसतेच, सगळ्यांची दिसते, केस बारीक झाले की जास्त. उपाय असा की भोवऱ्याभोवती हाताच्या पंजाएवढ्या जागेत बाकीच्यापेक्षा एक नंबर मोठा लावायचा, म्हणजे वर 3 असेल तर इथं 4, आणि मशीन चारही बाजूंनी मध्याकडं आणायचं, हलक्या हातानं. दाबायचं नाही. दाबलं की कंगव्याचे दात केसांच्या बुडात रुततात आणि केस कमी-जास्त कापला जातो. कुणाकुणाला दोन भोवरे असतात, त्यांनी तर वरून 4 च्या खाली जाऊच नये असं माझं मत आहे.

दिशेचा नियम बाकी डोक्याला पण लागू आहे. केस ज्या दिशेला पडतात त्याच्या विरुद्ध मशीन नेलं तरच कंगव्यावरची लांबी मिळते, म्हणजे मानेकडून वर, कानशिलाकडून वर, कपाळाकडून मागं. सुलट नेलं तर तोच कंगवा एखाद-दोन मिमी जास्त ठेवतो. त्याचा फायदा पण घेता येतो, 2 फार बारीक आणि 3 फार लांब वाटत असेल तर 2 लावून सुलट फिरव, मधलं काहीतरी मिळेल.

आणि मशीनच्या कडेला अंगठ्याजवळ एक दांडी असेल, ती बघितलीस का? बरेच लोक ती कधी हलवतच नाहीत. दांडी वर, पात्याकडं लोटली की पातं बंद, म्हणजे बारीक कापतं. खाली ओढली की पातं उघडं, म्हणजे तोच कंगवा एक-दीड मिमी लांब ठेवतो. म्हणजे 1 नंबर लावून दांडी खाली केली की तो जवळपास दीड नंबर झाला. मागच्या वेळी कुठं होती, आज कुठं आहे हे लक्षात नसेल तर तोच 2 नंबर दोन महिन्यांत दोन वेगळे दिसतात आणि माणूस मशीनला दोष देतो. सुरुवात नेहमी दांडी खाली ठेवून कर.

आता तुझी स्वतःची कटिंग, लग्नाची. पत्रात लिहिलंय की साइड बारीक आणि वर केस पाहिजेत. बाजूला एकदम कातडीपर्यंत साफ होत जाणारा फेड घरी करू नकोस, तो स्वतःच्या डोक्यावर तर नाहीच नाही, त्याला रोजचा हात लागतो आणि त्या माणसाला त्याचे पैसे द्यावेत. पण साधा उतरता कट घरी छान होतो, फक्त धाकट्याच्या हातात मशीन द्यावं लागेल, त्यासाठी आधी त्याच्याशी बोलणं सुरू कर. पद्धत सांगतो. कानाच्या वरच्या टोकापासून दोन बोटं वर एक रेघ मनात धर, ती मागं नेली की डोक्यामागं जे हाड हाताला लागतं तिथं येते. पहिले सगळी साइड आणि मागचं 4 नं करून घे, पण डोकं जिथं वरच्या बाजूला वळतं तिथं थांब, त्याच्या वर मशीन जाऊ द्यायचं नाही. मग 3 लाव आणि मनातल्या रेघेच्या एक बोट वरपर्यंत ये. मग 2 लावून रेघेपर्यंत. थांबायचं कसं हे महत्त्वाचं, मशीन वर नेऊन तिथंच थांबवलं तर पायरी पडते, लांबून रेघ दिसते. वर येता येता मनगट बाहेर वळवायचं, म्हणजे मशीन डोक्यापासून सुटत सुटत हवेत जातं आणि केस हळूहळू लांब होत जातो. आधी मशीन बंद ठेवून आठ-दहा वेळा हातानं करून बघा, मग चालू करा.

तरी 2 आणि 3 च्या मधे रेघ दिसलीच तर घाबरून 2 अजून वर नेऊ नका, तिथंच सगळे फसतात, रेघ वर सरकते आणि शेवटी डोकं वाटीकट होतं. रेघेवर फक्त 2 लावून दांडी खाली करा आणि त्या एका बोटाच्या पट्ट्यात कंगव्याच्या कोपऱ्यानं हलकं हलकं उचलत जा. एका वेळी एकच नंबर बदलायचा, 2 वरून सरळ 4 वर उडी मारायची नाही. वरचे केस कैचीनंच, किंवा ते सलूनमध्ये करून घे.

कान दुमडून धरायचा. कल्ल्यांच्या दोन्ही बाजू समोरून आरशात बघून सारख्या करायच्या, कानाला मापायचं नाही कारण बऱ्याच जणांचे कान मुळात वरखाली असतात. मानेवर गोल किंवा चौकोनी कडक लाइन ओढू नका, ती चार दिवसांत केस आले की घाण दिसते, उतरतं ठेवलं तर पंधरा दिवस बघावं लागत नाही.

पप्पांचं मी जरा सावकाश सांगतो, कारण ते नको म्हणतात त्याला कारण असणार. विरळ केसांच्या माणसाला भीती असते की बारीक केलं की होते तेवढे पण जातील. खरं तर उलटं होतं. वर विरळ आणि साइडला दाट असेल आणि दोन्ही लांब ठेवले तर साइडच्या दाटीमुळं वरचं अजून विरळ दिसतं. साइड वरच्यापेक्षा एका नंबरनं बारीक केली की वरचं भरलेलं वाटतं. त्यांना साइड-मागं 3 आणि वर 4, यापेक्षा जास्त फरक नको. आणि पांढरे केस म्हणून 1 किंवा 2 पर्यंत अजिबात जायचं नाही, काळे खुंट लांबून केस म्हणून दिसतात, पांढरे खुंट दिसत नाहीत, मधून कातडी चमकते आणि माणूस अचानक पाच वर्षांनी म्हातारा वाटतो. दुसरं, ते स्लॅबवर उन्हात उभे राहतात, मे महिन्यात आपल्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 च्या आसपास जातो, बारीक केसांतून ऊन सरळ टाळूवर पडतं, ती भाजते, सोलते. उन्हाळा आला की बारीक करा असं सगळे म्हणतात, ते सावलीत बसणाऱ्यासाठी बरोबर आहे, घाम लवकर वाळतो, पण उन्हात काम करणाऱ्यानं केस 10 मिमीच्या खाली नेले तर डोक्याला सुती रुमाल पाहिजेच. हे त्यांना सांग, फक्त एका कानामागं थोडंसं 4 नं करून दाखव, आवडलं तर पुढं जा, नाही आवडलं तर सोडून दे, तेवढं कुणाला दिसत नाही.

सलूनमध्ये काय बोलायचं. नुसतं "दोन नंबर" म्हटलंस तर तो समजेल, पण सगळीकडं एकच होईल असं नाही, कारण आपल्याकडं बरेच कारागीर कंगवा-नंबर लावतच नाहीत, हातात साधा कंगवा धरून त्यावरून उघडं मशीन फिरवतात, आणि नंबर त्यांच्या नजरेत असतो. यात वाईट काही नाही, हात चांगला असेल तर ती कटिंग जास्त सफाईदार होते. तू सांगायचं असं, साइडला आणि मागं 2 नंबर, साधारण सहा मिमी, वर कैची, बोटभर ठेव, मानेला लाइन नको उतरतं पाहिजे. एवढी चार वाक्यं. मोबाइलमध्ये तुझाच जुना फोटो असेल ज्यात कटिंग चांगली झाली होती तर तो दाखव, हिरोचा फोटो दाखवून उपयोग नाही, त्याचे केस तुझ्या डोक्यावर नाहीत. आणि चांगली झाली की उठायच्या आधी विचारून घे, भाऊ कितीचं मारलं? आणि मोबाइलमध्ये तारखेसोबत लिहून ठेव.

केस कापताना कोरडे पाहिजेत आणि तेल नको. आपल्याकडं रोज सकाळी तेल चोपडून भांग पाडायची सवय, त्या केसांत मशीन लावलं की केस चिकटून गुच्छानं दबतात, कंगवा वरून घसरतो आणि आतले केस तसेच राहतात, शिवाय पात्यात चिकटा बसतो. आदल्या रात्री डोकं धुवा, सकाळी पूर्ण वाळल्यावर ओट्यावर, उजेडात, पंखा बंद करून बसा. बॅटरीचं मशीन असेल तर रात्री लाइट असतानाच पूर्ण चार्ज करून ठेव, चार्ज उतरला की पातं हळू होतं आणि केस कापायच्या ऐवजी उपटतं, धाकट्याला ते दुखलं असेल तर कारण हेच असू शकतं.

झाल्यावर कंगवे साबणाच्या पाण्यानं धुवून वाळवायचे, पातं ब्रशनं झाडायचं, आणि मशीन चालू करून पात्यावर दोन-तीन थेंब तेल, डब्यात आलेली छोटी बाटली संपली असेल तर शिलाई मशीनचं तेल चालतं. खोबरेल नको, आपल्याकडं थंडीत ते गोठतं आणि पातं जाम होतं. पातं हाताला गरम लागलं की थांबायचं, गरम पातं मानेवर लागलं की पुरळ येतं. तिघांना एकच मशीन वापरणार असाल तर दोघांच्या मधे कंगवा धुवा, आणि शेजारच्या पोरांना कौतुकानं द्यायचं असेल तर कंगवे देऊ नका.

लग्नाच्या आदल्या दिवशी कटिंग करू नकोस. चार-पाच दिवस आधी कर, तोपर्यंत एक-दीड मिमी वाढ होते, कडा नरम पडतात, मानेवरचा उघडा पट्टा उन्हानं बाकी रंगाला मिळतो, आणि कुठं काही चुकलंच तर सलून गाठायला वेळ असतो. लग्नसराईत तिकडं पण गर्दी असते हे धरून चल. पुढं नेहमीसाठी म्हणशील तर 2 नंबरची साइड दहा-बारा दिवसांत 3 नंबर होते, म्हणून ज्याला कायम टापटीप पाहिजे त्यानं पंधरा दिवसांनी फक्त साइड आणि मान करावी. धाकट्याला आणि पप्पांना महिन्यातून एकदा पुरे.